आधी लखनौ, मग स्कॉटलंड

पुण्यात कोथरूडच्या एका घरात जेवणाच्या टेबलावर दोन महिने एक नकाशा पसरलेला होता. नकाशा होता स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या स्काय नावाच्या बेटाचा. घरातल्या मुलीने तो छापून आणला होता आणि त्यावर लाल पेनाने खुणा केल्या होत्या. कुठे उतरायचे, कोणत्या दिवशी कोणता डोंगर पाहायचा, कोणत्या बंदरावर मासळी चांगली मिळते, हे सारे तिने ठरवून टाकले होते. वडील, म्हणजे घरादाराचे भाऊ, जलसंपदा खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी नुकतेच निवृत्त झाले होते. "आयुष्यभर धरणं आणि कालवे पाहिले, आता एकदा परदेश बघू," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

अशातच भाऊबिजेला लखनौहून ताईंचा फोन आला. ओवाळणी, प्रकृती, दिवाळीचा फराळ असे नेहमीचे बोलून झाल्यावर ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बेटाला मी काही वाईट म्हणत नाही. पण ते बेट लाखो वर्षं तिथे आहे, पुढच्या वर्षीही तिथेच असेल. माझं लखनौ मात्र मार्चपर्यंतच आहे."

भाऊंना उत्तर सुचले नाही.

एकेरी वाट

ताईंचे लग्न १९९२ साली झाले आणि त्या लखनौला गेल्या. यजमान मानकनगरच्या आरडीएसओमध्ये, म्हणजे भारतीय रेल्वेचे डबे, इंजिने आणि रुळ यांचे आराखडे व मानके ठरवणाऱ्या संशोधन संस्थेत इंजिनीअर. मोठ्या झाडांच्या सावलीतली रेल्वेची वसाहत, बैठे क्वार्टर, मागे थोडी बाग. आता मार्चअखेर यजमान निवृत्त होणार, क्वार्टर सोडायचे आणि बंगळूरला मुलाकडे जायचे, असे ठरले होते.

इतक्या वर्षांत दर उन्हाळ्यात ताई मुलाला घेऊन माहेरी आल्या. आंब्याच्या दिवसांत घर भरायचे, पत्त्यांचे डाव रंगायचे, जाताना डोळे पाणवायचे. पण त्यांच्याकडे मात्र कोणी गेले नाही. भाऊ १९९८ साली सरकारी कामाला दिल्लीला गेले असता येता येता एक रात्र लखनौला उतरले होते, तेवढेच. भावजय आणि भाची तर कधीच नाही.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आपल्याकडे माहेर म्हणजे मुलीने यायचे ठिकाण. मुलीच्या घरी उठसूट जाऊ नये, नातवंड होईपर्यंत तिथे जेवूही नये, असे मानणारी पिढी कालपरवापर्यंत होती. ती रीत गेली, पण सवय राहिली. सुट्टी आली की सिमला, केरळ, सिंगापूर असे बेत होतात. बहिणीचे गाव त्या यादीत नसते, कारण बहीण तर येतेच!

फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ गप्प बसून होते. मग त्यांनी नकाशाची घडी घातली.

दोन याद्या

मुलगी मात्र सहजासहजी हार मानणारी नव्हती. तिने आत्याला स्कायला जाण्याची पाच कारणे लिहून पाठवली. पहिले, डोंगर आणि समुद्र एकाच नजरेत मावतात. तिथल्या क्युलिन रांगेचे सर्वात उंच शिखर ९९२ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पुष्कळ ठेंगणे, पण ते जवळजवळ समुद्रातूनच वर उठते. दुसरे, स्टॉरचा म्हातारा म्हणून ओळखला जाणारा खडकाचा प्रचंड सुळका. तिसरे, पोर्ट्री बंदरावरची रंगीत घरांची ओळ. चौथे, डनवेगनचा किल्ला, जिथे मॅक्लाउड घराणे सुमारे आठशे वर्षे नांदते आहे. पाचवे, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो. शिवाय १९९५ साली पूल झाल्यापासून बोटीचीही कटकट नाही आणि २००४ पासून पुलाचा टोलही नाही.

आत्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले.

"पहिलं, आमच्याकडे डोंगर नाही, समुद्र नाही, हे कबूल. पण फेब्रुवारीत मलिहाबादच्या आमरायांत मोहोराचा वास भरलेला असतो. तो वास नकाशात छापता येत नाही. दुसरं, तुमचा सुळका खालून बघायचा, आमच्या भूलभुलैयात शिरून हरवायचं. तिसरं, रंगीत घरं छान, पण पांढऱ्यावर पांढरा टाका घातलेली चिकनची साडी हातात घेऊन बघ. चौथं, तुमचा किल्ला सरदाराने स्वतःला राहण्यासाठी बांधला, आमचा इमामबाडा दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून बांधला गेला. पाचवं, तिथे रात्री दहापर्यंत उजेड, इथे रात्री बारापर्यंत अमीनाबाद जागं. आणि सहावं कारण माझ्याकडे जास्तीचं आहे. तुमच्या बेटावर आत्या नाही."

मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले, स्वतःच हसली आणि फेब्रुवारीची तिकिटे शोधू लागली.

पहले आप

कल्याणला सकाळी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौ. भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, कानपूर अशी ही वाट. झाशी रात्री येते. भावजयीने मुद्दाम जागे राहून फलाटावरची ती पाटी पाहिली. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना जिचे नाव हजारदा घेतले, ती झाशी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच समोर आली होती, तीही पाच-दहा मिनिटांसाठी.

लखनौला गाडी पोचली. शेजारीच चारबाग स्टेशनच्या घुमट्या आणि छत्र्या उन्हात तांबूस दिसत होत्या. ही इमारत उंचावरून पाहिली तर बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखी दिसते म्हणतात. भाऊजी स्वतः न्यायला आले होते. दाराशी भाऊ म्हणाले, "भाऊजी, चला," भाऊजी म्हणाले, "छे, आधी तुम्ही," आणि दोघे तिथेच थांबले. मागे उभा असलेला हमाल हसून म्हणाला, "साहब लोग, पहले आप, पहले आप में गाड़ी वापस बंबई चली जाएगी." लखनौची ही ओळख पहिल्या पाच मिनिटांतच पटली.

घरी पोचल्यावर बॅगा उघडल्या. भावजयीने आणलेली थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि लसणाची चटणी एकेक करून ओट्यावर मांडली गेली. ताई त्या डब्यांकडे बघत राहिल्या. दरवर्षी हेच डबे त्या पुण्याहून स्वतः वाहून आणत असत. माहेरच्या माणसाने ते घरपोच आणून देण्याची त्यांच्या संसारातली ही पहिलीच वेळ होती.

चौकातली सकाळ

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांना भल्या पहाटे उठवले. जुन्या लखनौच्या चौकात गोल दरवाज्यापाशी थंडीच्या दिवसांत मख्खन मलाई विकायला बसतात. दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचे आणि पहाटे घुसळायचे. वर येणारा फेस केशर घालून मोठ्या थाळ्यात रचायचा, की झाली मख्खन मलाई. तोंडात घातली की खाल्ले काय, असा प्रश्न पडावा इतकी हलकी. ऊन वाढले की ती बसते, म्हणून सकाळीच खायची, आणि होळीच्या आधीच तिचा हंगाम संपतो. भाचीने तीन द्रोण संपवले.

तिथून सराफ्याच्या गल्लीत वळल्यावर ताई एका अगदी लहान दुकानापाशी थांबल्या. आत भट्टी, मूस, चिमटे आणि ॲसिडचा वास. दुकानदाराने मान वर केली आणि म्हणाला, "या ताई! पावनं कुठलं? पुण्याचं का? बसा, च्या घ्या."

भाऊ चकितच झाले. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याचा, शुद्ध करण्याचा धंदा घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पोचले आहेत, हे त्यांनी ऐकले होते. त्या कोरड्या भागात शेती पिकत नव्हती, म्हणून माणसे बाहेर पडली. भाऊंनी नोकरीतली काही वर्षे कृष्णेचे पाणी याच तालुक्यांकडे उचलून नेणाऱ्या टेंभू योजनेवर काढली होती. ते त्यांनी सांगताच दुकानदाराने हातातला चिमटा खाली ठेवला. "म्हंजी आमच्या रानात पाणी तुमीच आणलं म्हणा की! आता ऊस हाय तिथं. भाऊ करतो शेती. पर माझं निम्मं आयुष्य इथं गेलं, आता परत जाऊन काय करू?"

चहाचे पैसे त्याने काही केल्या घेतले नाहीत. परक्या शहराच्या गल्लीत आपल्याच कामाचे फळ असे भेटेल, हे भाऊंच्या स्वप्नातही नव्हते.

दुष्काळी कामाची भव्यता

चौकापासून जवळच बडा इमामबाडा आहे. १७८४ च्या दुष्काळात अवधचा नवाब आसफुद्दौला याने तो बांधायला घेतला. हेतू हा, की उपाशी रयतेच्या हाताला काम मिळावे. दिवसा बांधलेला काही भाग रात्री पाडला जाई, म्हणजे काम लवकर संपू नये आणि घराण्यातल्या माणसांनाही अंधारात, ओळख न देता मजुरी करता यावी, अशी आख्यायिका लखनौत आजही सांगतात.

मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे, आणि त्याच्या छताला तुळई नाही. लोखंड नाही, लाकूड नाही. विटा आणि चुन्याच्या कमानीवरच सारा भार तोललेला. एका टोकाला सज्जात काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला तिचा आवाज ऐकू येतो. वाटाड्याने काडी ओढली, भाचीने ऐकली आणि पुन्हा ओढायला लावली. या छताचे वजन हलके व्हावे म्हणून वरच्या मजल्यावर जे पोकळ बोळ ठेवले, तोच भूलभुलैया. लोक त्याला राजांचा खेळ समजतात, प्रत्यक्षात ती इंजिनीअरची युक्ती आहे.

भाऊ त्या छताखाली खूप वेळ मान वर करून उभे होते. ७२ च्या दुष्काळात त्यांच्या आईचे माहेरचे लोक खडी फोडायला जात. पुढे महाराष्ट्रात त्यातूनच रोजगार हमी योजनेचा कायदा आला. "आपण दुष्काळात पाझर तलाव केले, यांनी हे केलं," ते भाऊजींना म्हणाले. "काम एकच. भुकेल्याला फुकट न देता त्याच्या हातून काहीतरी उभं करून घ्यायचं." तिकीट काढून आत येणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांना हे दिसत असेल, कोण जाणे.

स्कॉटलंड इथेही आहे

तिसऱ्या दिवशी रेसिडेन्सी. १८५७ च्या उठावात इंग्रज आपली बायकामुले आणि हिंदी शिपाई-नोकरांसह या आवारात अडकले. सुमारे ३,००० माणसे होती. जूनअखेर पडलेला वेढा नोव्हेंबरपर्यंत पुरता उठला नाही. आज तिथे हिरवळ आहे, मोठमोठी झाडे आहेत आणि तोफगोळ्यांनी भोके पडलेल्या विटांच्या भिंती तशाच उभ्या ठेवल्या आहेत. संध्याकाळच्या उन्हात त्या फार सुंदर दिसतात, आणि सुंदर दिसतात म्हणून मनाला चुटपुटही लागते.

कबरस्तानातल्या दगडांवरची नावे वाचता वाचता भाची थांबली. त्यात स्कॉटिश नावे होती. सप्टेंबर १८५७ मध्ये हॅवलॉकची फौज वेढा फोडून आत शिरली, तीत ७८वी हायलँडर्स ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली पलटण होती. नोव्हेंबरात सिकंदरबागेवर चाल करून गेलेल्यांत ९३वी हायलँडर्स होती. त्याच सिकंदरबागेत झाडावर चढून शत्रूला टिपणाऱ्या ऊदादेवीची कथा लखनौचे लोक अभिमानाने सांगतात, तिचा पुतळाही तिथे आहे. आणि ज्यांच्या नावाने अवध लढला त्या बेगम हजरत महल अखेर नेपाळात गेल्या, पण इंग्रजांपुढे वाकल्या नाहीत.

स्कायबद्दल भाचीने पुष्कळ वाचले होते. त्या डोंगराळ मुलखातल्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना जमिनीवरून हुसकले, कित्येक घरे समुद्रापार गेली, कित्येक तरुण पोटासाठी पलटणीत शिरले. १८८२ मध्ये स्कायच्या ब्रेज गावी कुळे अखेर पोलिसांशी भिडली. "आत्या," ती म्हणाली, "चित्रात ते बेट किती शांत दिसतं. तिथूनही माणसं अशीच निघून गेली. आपल्या त्या चौकातल्या दुकानदारासारखी."

ताई म्हणाल्या, "मग बेटावर जाशील तेव्हा नुसते फोटो काढून येऊ नकोस. माणसांना विचार."

पांढऱ्यावर पांढरे

भावजयीला चिकनची ओढ होती. पण ताईंनी त्यांना आधी दुकानात न नेता एका ओळखीच्या कारागीर बाईंच्या घरी नेले. आधी लाकडी ठशाने कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापतात, मग बायका घरी बसून टाके घालतात, शेवटी धोबी कापड धुऊन निळा रंग घालवतो आणि उरते ती शुभ्र वेल. बखिया टाका उलट बाजूने घालतात, त्याची सावली वरून दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी, फंदा बाजरीच्या दाण्याएवढा. जाळीत एकही धागा तोडायचा नाही, नुसते धागे सुईने बाजूला सारायचे. २००८ मध्ये या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण बाजारात मशीनचे कापडही चिकन म्हणून खपते, आणि हाताने काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला किमतीतला फार थोडा भाग येतो.

भावजयीने बसल्या बसल्या मुर्री शिकण्याचा प्रयत्न केला. अर्ध्या तासात दोन दाणे जमले. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी घासाघीस केली नाही. "दोन दाण्यांनी माझे डोळे दुखले. या कुर्त्यावर किती असतील?" एवढेच त्या म्हणाल्या.

परीखान्यातली दुपार

शेवटचा दिवस भाऊंनी स्वतःकडे ठेवला होता. त्यांच्या पिशवीत एक जुने, पुठ्ठा निखळलेले पुस्तक होते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा एक भाग. ताई-भाऊंचे वडील, अण्णा, शाळेत शिक्षक होते. पगार बेताचा, गळा बेताचा, पण गाण्याचे वेड जबरदस्त. मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेला, वकिली केलेला एक मराठी माणूस गावोगाव फिरून उस्तादांकडच्या चिजा गोळा करतो, त्यांचे शास्त्र मांडतो आणि १९२६ मध्ये थेट लखनौत संगीताचे कॉलेज उभे करतो, याचा अण्णांना फार अभिमान. राय उमानाथ बली यांचा पुढाकार आणि गव्हर्नर मॅरिस यांचा पाठिंबा, म्हणून नाव मॅरिस कॉलेज. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी वर्षानुवर्षे ते सांभाळले. के. जी. गिंडे लहानपणीच शिकण्यासाठी त्यांच्या घरी लखनौला येऊन राहिले. बेगम अख्तर यांनीही पुढे इथे शिकवले. आज त्याचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाले आहे. आणि ते आहे कुठे? तर कैसरबागेत, नवाब वाजिद अली शाहच्या परीखान्यात.

मुलगी लखनौला दिली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "बरं झालं. मॅरिस कॉलेज बघायला निमित्त झालं." त्यांचे येणे मात्र कधी झाले नाही.

दरवाज्यावर विचारून चौघे आवारात शिरले. एका खोलीतून तबल्याचा ठेका, दुसरीतून पायांतल्या घुंगरांची लय येत होती. व्हरांड्यात पोरे वह्या घेऊन बसली होती. भाऊंनी पुस्तक काढले आणि शेवटचे कोरे पान उघडून ताईंपुढे धरले. त्यावर पेन्सिलीने अण्णांचे अक्षर होते. वर 'लखनौ, डिसेंबर २००६'. खाली गाडीची वेळ. त्याखाली यादी: ताईला भाजणी, गोडा मसाला, मेतकूट. आणि सर्वात शेवटी, रेघ मारून, 'पुढच्या वर्षी'.

भाऊ म्हणाले, "ताई, तिकिटं काढली होती. मीच अडवलं. पोरीला कांजिण्या आल्या होत्या, मला रजा नव्हती, हिच्या शाळेत परीक्षा. म्हटलं, अण्णा, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी तुला कधी सांगितलं नाही."

ताईंनी पानावरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. अण्णांनीच फोनवर सांगितलं होतं. आणि म्हणाले होते, भाऊला यावरून एक शब्द बोलू नकोस, त्याची ओढाताण होते."

"म्हणून तू वीस वर्षं..."

"बोलून काय झालं असतं? तू आला असतास तो अपराध्यासारखा आला असतास. मला पाहुणा हवा होता." आणि यादीकडे पाहून त्या एकदम हसल्या. "भाजणी, मसाला, मेतकूट. सगळं पोचलं हो अण्णा, परवाच पोचलं."

व्हरांड्यातली घुंगरे थांबली होती. आतल्या गुरूंनी काहीतरी सांगितले आणि तोच तोडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. चौघे तो संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.

जायचे असेल तर

लखनौला जाण्यास नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने उत्तम. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दाट धुके पडते, गाड्यांना उशीर होतो. दसेरी आंबा हवा असेल तर जूनची काहिली सोसावी लागते. चार दिवस ठेवावेत. एक चौक, इमामबाडा आणि रूमी दरवाजासाठी, एक रेसिडेन्सी आणि कैसरबागेसाठी, एक चिकन, हजरतगंज आणि अमीनाबादसाठी, आणि एक मलिहाबादच्या आमरायांसाठी. विमानतळापासून शहरात मेट्रो आहे, पण जुन्या भागात पायी किंवा ई-रिक्षानेच फिरावे. इमामबाड्यात पादत्राणे काढावी लागतात. ते प्रार्थनेचे आणि शोकाचे स्थान आहे, हे लक्षात ठेवून वागावे.

मांसाहारी मंडळींना १९०५ पासूनचे टुंडे कबाब आहेतच. शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही. टोकरी चाट, पुरी-कचोरी, मलाईची गिलौरी, कुल्फी आणि परतताना रेवड्यांचा डबा. हाताशी आणखी एक दिवस असेल तर कानपूरमार्गे बिठूर, म्हणजे आपले ब्रह्मावर्त, पाहता येते. दुसऱ्या बाजीरावाने अखेरची वर्षे तिथेच काढली, आणि नानासाहेब तिथेच वाढले.

आता कोणाच्या गावी?

स्कायचा बेत मोडलेला नाही. नकाशा पुन्हा टेबलावर आला आहे. भाचीने सहलीच्या माणसांच्या यादीत आत्या आणि काका अशी दोन नावे वाढवली आहेत. ताईंनी पासपोर्टचा अर्ज भरला, पण पत्ता कोणता लिहायचा, लखनौचा की बंगळूरचा, इथे अडल्या आणि भावाला फोन केला. असे फोन आता दर दोन दिवसांनी होतात. भाजी कोणती केली इथपासून सामान किती बांधून झाले इथपर्यंत. मानकनगरच्या त्या क्वार्टरचे दार, मागची बाग, ओट्याची उंची हे सारे आता पुण्याच्या घरालाही ठाऊक आहे. पूर्वी ताई "मागच्या अंगणात बसले आहे" म्हणायच्या तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसे.

सुंदर ठिकाणे जगात खूप आहेत आणि ती पाहावीतच. पण सुट्टीचा बेत करताना एकदा घरातल्या माणसांची यादीही समोर घ्यावी. आपली कोणी ताई, आत्या, मावशी परगावी वर्षानुवर्षे संसार करते आहे आणि दरवेळी तीच आपल्याकडे येते आहे का? तिच्या गल्लीतला दूधवाला, तिचा भाजीबाजार, ती रोज जिच्याशी बोलते ती शेजारीण आपण पाहिली आहे का? बदल्या होतात, निवृत्त्या येतात, घरे सुटतात. डोंगर आणि बेटे थांबतात. माणसांची गावे थांबत नाहीत.